सिएनाचे मागचे तीन प्लग

तुमची टोयोटा सिएना २०१३ ची, १ लाख १८ हजार मैल झालेली. पुढचे तीन स्पार्क प्लग तुम्ही अर्ध्या तासात बदललेत, मागचे तीन डोळ्यांनासुद्धा दिसत नाहीत, आणि गॅरेजवाला सहाशे डॉलर मागतोय. मागचे तसेच राहू दिले तर चालेल का, असं विचारलंय. नाही चालणार. टोयोटाने सांगितलेले १ लाख २० हजार मैल सहाही प्लगांना लागू आहेत.

माझी २०११ ची आहे, इंजिन तेच, ३.५ लिटर व्ही-६. सेकंडहँड घेतली तेव्हा सोबत एका दुकानाची पावती होती, 'सहा प्लग बदलले'. नंतर गाडीला धक्के यायला लागले म्हणून उघडून पाहिलं, तर पुढचे तीन नवे कोरे आणि मागचे तीन गाडीच्या जन्मापासूनचे! पैसे मात्र सहांचे घेतलेले. तेव्हापासून हे काम मी स्वतःच करतो.

इंजिन आडवं बसवलंय. २, ४, ६ नंबरचे सिलिंडर तुमच्याकडे तोंड करून; १, ३, ५ पार मागे, काचेखाली. वरून हात घालायला जाऊ नका, नुसती कोपरं सोलून निघतील. वाट वायपरकडून आहे. दोन्ही वायपर, त्याखालची प्लास्टिकची पट्टी, मग मोटरसकट वायपरची सगळी जोडणी, आणि शेवटी खालचा पत्र्याचा ट्रे. एवढं निघालं की मागच्या बाजूने हात सरळ कॉइलवर जातो, म्हणजे प्रत्येक प्लगच्या डोक्यावर बसलेल्या, ठिणगीसाठी वीज देणाऱ्या डबीवर. काही जण वरचा इनटेकही, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, काढतात. मी नाही काढला. तुम्ही काढलात तर गॅस्केट नवीन टाका आणि उघड्या भोकांवर स्वच्छ फडकं ठेवा. त्यात एखादा नट पडला तर सहाशे डॉलर स्वस्त वाटतील.

वायपर काढण्याआधी त्यांच्या पात्यांखाली काचेवर टेप चिकटवून खूण करा. मी पहिल्या वेळी केली नव्हती. पुढच्या पावसात एक वायपर काचेबाहेर जाऊन खांबावर आपटत होता.

इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग बसतात ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग फिरवला तर आटे जाऊ शकतात. सकाळी चहा झाल्यावर सुरुवात करा, रात्री फिरवून आणलेल्या गाडीवर नको.

कॉइलच्या कनेक्टरची कुलपी इतक्या वर्षांच्या उष्णतेने बिस्किटासारखी झालेली असते. आधी कनेक्टर किंचित आत ढकला, मग कुलपी दाबा, मग ओढा. नुसता ओढलात तर तुटलाच. कॉइल १० मिलिमीटरच्या एकाच बोल्टवर असते. तो सुटला की डावी-उजवीकडे हलवत वर घ्या. प्लग काढण्याआधी विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, हवा मारा, नाहीतर तिथली माती थेट सिलिंडरमध्ये. विहिरीत तेल दिसलं तर ते व्हॉल्व्ह कव्हरच्या सीलमधून आलंय. ते काम वेगळं आहे, पण वायपर काढलेलेच आहेत तर आत्ताच उरका.

प्लग फिरवायची गोटी (सॉकेट) १६ मिलिमीटरची, आत चुंबक असलेली. एक लांब दांडी लागेल, एक आखूड आणि एक हलता सांधा. जोडांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा. माझी गोटी एकदा दांडीवरून सुटून पाच नंबरच्या विहिरीतच राहिली होती; ती बाहेर काढण्यात पाऊण तास गेला, आणि बायको दारात उभी राहून 'झालं का?' विचारत होती.

नवा प्लग पान्याने सुरू करू नका. वीतभर रबरी नळी घ्या, प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल अशी. प्लग तिच्यात अडकवून विहिरीत सोडा. आधी उलटा फिरवा. आटा आट्यावर बसल्याचा बारीकसा 'टक' बोटांना कळतो. मग सुलटा. आटे तिरके लागले तर नळी प्लगवर घसरते, जोर जातच नाही. पान्याला ही समज नाही. नळीने पूर्ण बसला की मग गोटी लावून साधारण अर्धा फेरा. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा.

प्लग इरिडियमचेच घ्या, डेन्सो एफके२०एचआर११. शेवटचे ११ म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप, ठिणगी पडते ती फट; तो कारखान्यातूनच येतो. गॅप मोजायच्या हत्याराने टोकाला डिवचू नका, इरिडियमचं टोक तारेइतकं बारीक असतं. आटे जाम होऊ नयेत म्हणून मिळतं ते अँटी-सीझ ग्रीस आट्यांना लावू नका. त्याने प्लग नकळत जास्त आवळला जातो.

कॉइल सहाच्या सहा बदलायची गरज नाही. नंतर पी०३०१ कोड (एक नंबरच्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय, मिसफायर) आला तर एक नंबरची कॉइल दोनवर टाका. कोड पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा, झाला तर कॉइल गेली. तसाच राहिला तर कॉइल ठीक आहे, प्लग आणि कनेक्टर पाहा.

पहिल्यांदा मला पाच तास लागले, दुसऱ्या गाडीला तीन. आई-बाबा उन्हाळ्यात यायच्या आदल्या शनिवारी मात्र हे काढून बसू नका. एक रविवार हाताशी ठेवा.