मेरी आणि फिलिपला मूल झालं असतं तर?

प्रश्न : इंग्लंडची राणी मेरी ट्यूडर आणि तिचा नवरा, स्पेनचा फिलिप यांना वारस मिळाल्यामुळे इंग्लंड स्पेनच्या साम्राज्यात गेलं, असं धरून मी एक कथामालिका लिहिते आहे. हे पटण्यासारखं आहे का?

नाही. लग्नाच्या करारातच त्याला आडकाठी आहे. २५ जुलै १५५४ रोजी विंचेस्टरला लग्न लागलं, त्याआधीच पार्लमेंटने करार मंजूर केला होता. त्यानुसार इंग्लंड आणि नेदरलँड्स (तेव्हा फिलिपच्या घराण्याकडे असलेला, ब्रुसेल्सहून चालणारा प्रदेश; अँटवर्पही त्यातच) या जोडप्याच्या अपत्याला मिळायचे होते. स्पेन आणि इटलीतली राज्यं फिलिपच्या पहिल्या लग्नाचा मुलगा डॉन कार्लोस याची. म्हणजे जोड लागणार होती ती लंडन आणि ब्रुसेल्सची. त्यामागे व्यवहारही होता. इंग्लंडहून दरवर्षी लोकरी कापडाचे लाखाहून अधिक तागे बाहेर जात आणि त्यांची मुख्य पेठ अँटवर्पच होती. रंगवणं, शेवटचा हात फिरवणं ही कामंही बरीचशी तिथेच होत.

आता बहुतेक लेखक कुठे घसरतात ते सांगतो. बाळ जन्मलं की दोन्ही देश एक झाले, असं ते लिहून मोकळे होतात. नेदरलँड्स मुलाला मिळणार ते बापाच्या पश्चात, आणि फिलिप जगला १३ सप्टेंबर १५९८ पर्यंत! १५५५ मध्ये जन्मलेला मुलगा तोवर ४३ वर्षांचा झाला असता. इंग्लंडचा मुकुट मात्र १७ नोव्हेंबर १५५८ला, मेरीच्या मृत्यूबरोबर, साडेतीन वर्षांच्या पोराच्या डोक्यावर. त्याचीही तरतूद होती : पार्लमेंटच्या कायद्याने मुलगा १८ वर्षांचा, किंवा मुलगी १५ वर्षांची होईपर्यंत फिलिप पालक. पण हात बांधलेला पालक. कराराप्रमाणे इंग्लंडमधली पदं परक्यांना देता येत नव्हती, आणि सरदारांच्या संमतीशिवाय मुलांना देशाबाहेर नेता येत नव्हतं. फिलिप स्वतः ब्रुसेल्सला किंवा स्पेनमध्ये आणि बाळराजा लंडनला, हा पेच तुमच्या पहिल्या तीन-चार प्रकरणांना सहज पुरेल.

मुलगा धरला तर तो सज्ञान होतो १५७३ मध्ये. त्याच वर्षी, खऱ्या इतिहासात, नेदरलँड्समधलं बंड मोडण्यासाठी दडपशाही करून थकलेल्या आल्बाच्या ड्यूकला, म्हणजे तिथल्या आपल्या कारभाऱ्याला, फिलिपने परत बोलावलं. त्याच्या जागी या तरुण राजाला नेमलं, तर एकत्रीकरण बापाच्या हयातीतच सुरू होतं. ही कल्पना ओढूनताणून आणलेली नाही. १५९८ मध्ये फिलिपने नेदरलँड्स खरोखरच मुलगी इसाबेला आणि जावई आल्बर्ट यांच्या नावे केलं. अडचण येईल ती पैशाची. तिथल्या फौजेच्या पगाराचा मोठा भार कास्तील, म्हणजे स्पेनमधलं मुख्य राज्य, उचलत होतं. १५७५ मध्ये फिलिपने दिवाळं जाहीर केलं, आणि पुढच्याच वर्षी पगार थकलेल्या सैनिकांनी अँटवर्प लुटलं. हा खर्च इंग्लंडने उचलायचा, तर पार्लमेंटकडे जादा कर मागावा लागेल. ते बदल्यात काय मागतील, हे आधी ठरवून घ्या.

प्रश्न : मूल मुलगा की मुलगी, याने फरक पडतो का?

फार. डॉन कार्लोस १५६८ मध्ये निपुत्रिक वारला, आणि तसं झाल्यास स्पेनही मेरीच्या अपत्याकडे जावं, असं करारात होतं. मुलगा असेल तर तुमची मूळ कल्पना अशी मागच्या दाराने येते. मुलगी असेल तर फिलिपच्या नंतरच्या लग्नातला मुलगा कास्तीलच्या गादीवर तिच्या आधी बसेल. इंग्लंड आणि नेदरलँड्स मात्र तिचेच राहतील. मला विचाराल तर मुलगीच घ्या. सगळं एकाच वारसाकडे गेलं की लिहायला भांडण उरत नाही.

प्रश्न : इतिहासाला फाटा नेमका कधी फोडावा?

एप्रिल १५५५. मेरी बाळंतपणासाठी हॅम्प्टन कोर्टला गेली होती. जन्माची वर्दी देणारी पत्रंसुद्धा तयार होती, तारखेची जागा तेवढी मोकळी. गर्भ नव्हताच, ऑगस्टमध्ये आशा सोडली. तेव्हा ती ३९ वर्षांची होती, त्यामुळे तिला आणखी दोन-तीन मुलं देऊ नका.

प्रश्न : १५८८चं आर्माडा, म्हणजे इंग्लंडवर चालून आलेलं स्पेनचं आरमार, ठेवता येईल का?

नाही. ते आलं त्यामागे मेरीनंतर राणी झालेल्या तिच्या सावत्र बहिणीने, एलिझाबेथने, १५८५ मध्ये नेदरलँड्समधल्या डच बंडखोरांच्या मदतीला पाठवलेलं सैन्य आणि इंग्लिश दर्यावर्दी ड्रेकची लूटमार होती. इथे एलिझाबेथ गादीवर नाही, आणि बंडखोर झालेच तर ते लंडनच्या राजघराण्याविरुद्धच उठलेले असतील. आरमार हवंच असेल, तर ते खाडी ओलांडून उलट दिशेने, हॉलंडच्या किनाऱ्याकडे पाठवा.