जंगलातली पेटी आणि हॉपरचा सौदा

प्रश्न : ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या अमेरिकी वेबमालिकेचा पहिला सीझन आम्ही घरी सर्वांनी मिळून पाहिला. शेवटी पोलीसप्रमुख हॉपर जंगलातल्या पेटीत वॅफल्स ठेवतो, त्यावरून शेवटी नाहीशी झालेली, अद्भुत शक्तींची मुलगी इलेव्हन जिवंत असल्याचे त्याला ठाऊक आहे, असे माझे म्हणणे. आत्याच्या मते तो केवळ अपराधभाव आहे. कोणाचे बरोबर?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : पुढच्या सीझनमध्ये इलेव्हन परतते, हे खरे; परंतु 2016 साली आलेल्या या आठ भागांपुरतेच बोलायचे, तर आमचा कौल आत्याबाईंकडे झुकतो. बेपत्ता झालेल्या विल या मुलाच्या शोधासाठी ‘अपसाइड डाउन’ या भयाण समांतर, उलट्या जगात आपल्याला आणि विलची आई जॉइसला जाऊ द्यावे, या अटीवर हॉपर शेवटच्या भागात इलेव्हनचा ठावठिकाणा तिच्यावर प्रयोग करणाऱ्या प्रयोगशाळेच्या डॉ. ब्रेनरला सांगून टाकतो, म्हणजे एका मुलाला वाचवताना दुसऱ्या मुलीचा सौदा करतो. आणि हे करणारा माणूस स्वतःच्या लेकीला कर्करोगात गमावलेला बाप आहे, हे विसरून तो प्रसंग पाहता येत नाही. नाताळच्या थंडीत तो नेमके तिच्या आवडीचेच खाणे नेतो. (इंदुरी हॉपर असता, तर त्याने सराफ्यातून गरम गराडू बांधून घेतला असता!) तिची खात्रीलायक खबर त्याला मिळाल्याचे मात्र कुठेही दाखवलेले नाही. तुमच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की निव्वळ पश्चात्ताप करणारा माणूस सहसा फुले ठेवतो, जेवण नव्हे.