मिरचीला मर लागलीय, ट्रायकोडर्मा सोडूनही झाडं का वाळतायत?

फुलं-मिरच्या लागल्यावर झाडं माना टाकतायत, ठिबकातून दोनदा ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीवर सोडतात ती मित्रबुरशी) सोडला तरी रोज चार-पाच जातात, असं तुम्ही लिहिलंय. माझी वाळवा तालुक्यात, काळ्या रानात अर्धा एकर मिरची असते. हा घोळ मीही घालून बसलोय.

आधी मर कसली ते बघा. नुकतंच सुकू लागलेलं झाड उपटून बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा. थोड्या वेळात दुधासारखी धार सुटली तर मर जिवाणूची; तिथं ट्रायकोडर्मावर भिस्त ठेवू नका. धार नाही, पण खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसते, तर बहुधा फ्युजॅरियम बुरशी.

ही बुरशी मुळातून शिरून झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच तुंबवते. ट्रायकोडर्मा काम करतो तो बाहेर, मुळांभोवतीच्या मातीत. तिथं तो जागा आणि अन्न बळकावतो, रोगाच्या बुरशीला विळखा घालून खातो. झाड सुकल्यावर सोडणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. मी तर त्याहून शहाणा: कार्बेन्डाझिम या रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी केली (पाण्यात कालवून बुडाशी ओतलं) आणि चौथ्या दिवशी ट्रायकोडर्मा सोडला. ट्रायकोडर्मा पण बुरशीच, त्या औषधानं मेली. आता रासायनिक बुरशीनाशकानंतर निदान पंधरा दिवस थांबतो.

खरं काम लागणीआधीचं. 100 किलो चांगलं कुजलेलं शेणखत सावलीत पसरून त्यात 1 ते 2 किलो ट्रायकोडर्मा कालवतो. ओल एवढीच, की मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. वर ओलं गोणपाट, 10-15 दिवस, मध्ये दोनदा पालटणी. हिरवट बुरा धरला की वाफशावर गादीवाफ्यात मिसळायचं. ताजं शेण नको, ते तापतं. पुडीवरची तारीखही बघा. दुकानात उन्हात पडलेली पुडी म्हणजे नुसती पांढरी माती. (ठिबकातून पावडर सोडली असेल तर ड्रीपर तुंबलेत का तेही तपासा.)

सध्या गेलेली झाडं मुळाजवळच्या मातीसकट काढून जाळा, बांधावर टाकू नका. आळवणी फक्त आजूबाजूच्या हिरव्या झाडांना. पाणी तोडा, माझ्याकडं शेजारच्या उसाचं पाणी पाझरून मर सगळ्यात आधी त्याच कडेला यायची, चर काढल्यावर कमी झाली. बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते, म्हणून त्या तुकड्यात पुढं टोमॅटो-वांगी नको. मी मका घेतो.