प्लग कुठं येणार ते आधी बघा, ज्वालेचा रंग नंतर

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या हॉलची भिंतच डोळ्यासमोर आली. विजापूर रोडला नवा फ्लॅट, इंटिरियरवाल्यानं टीव्हीखाली ५० इंची इलेक्ट्रिक फायरप्लेस (भिंतीत बसणारा हीटर, पुढं दिव्यांची खोटी ज्वाला) सुचवलंय, सासूबाईंचे गुडघे थंडीत धरतात, आणि प्रश्न काय तर १५०० वॅटचं घ्यावं का २०००चं, कुठल्या कंपनीचं. हे सगळं जसंच्या तसं आमच्याकडं झालंय, फक्त गुडघे माझ्या आईचे. सोलापुरात फायरप्लेस म्हटल्यावर लोक हसणार, हसू देत. मला मित्र म्हणाला होता, "काय बे, मे महिन्यात त्यात बर्फ ठेवणार का?" पण गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत पहाटे जो गारठा असतो तो फरशीवर पाय टेकवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही, वॅटवर पण फार डोकं लावू नका. माझं एकच विचारणं आहे, त्या भिंतीत पॉइंट कुठला आहे? माझं सगळं तिथंच चुकलं.

आमच्याकडं सुतारानं टीव्हीचं पॅनल आधी केलं आणि फायरप्लेस नंतर आलं. मागं होता तो टीव्हीचा साधा ६ अँपियरचा पॉइंट, आणि फायरप्लेसचा प्लग जाड पिनांचा, १६ अँपियरचा. पॅनल फोडायला कोण सांगणार, लॅमिनेट नुकतंच चिकटवलेलं. तर फिटिंगवाल्या पोरानं खिशातनं कन्व्हर्टर (जाड पिनांचा प्लग बारीक पॉइंटात बसवायचा जोड) काढला, खुपसला, चालू केलं, ज्वाला दिसली, घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी स्वतः तिथं उभा होतो हो! माझा टॉवेलचा धंदा आहे, कारखान्यात मशीनचं कनेक्शन जरा सैल दिसलं तरी मी पोरांवर ओरडतो, आणि घरात मात्र ज्वालेचा रंग निळा ठेवायचा का केशरी हे बघत बसलो.

वर्षभर काही झालं नाही, कारण आम्ही नुसती ज्वालाच लावायचो. त्यात एलईडी असतात, बल्बाएवढी वीज खातं ते. पुढच्या संक्रांतीला पुण्याचे पाहुणे होते, हॉल गरम करायचा म्हणून हीटर फुल ठेवला, तासा-दीड तासानं जळका वास. आधी वाटलं तीळ करपले. मग पॅनलच्या फटीतनं धूर. मेन बंद केला म्हणून वाचलो. प्लगपर्यंत हात जाईना, कारण पॅनल पक्कं ठोकलेलं, रात्री ११ला सुताराला उठवून करवतीनं प्लाय कापला तेव्हा आत कन्व्हर्टर वितळून सॉकेटाला चिकटलेला.

आणि एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडला नाही! हे मला लय दिवस कळत नव्हतं, नंतर कारखान्याच्या वायरमननं समजावलं. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर ८.७ अँपियरच्या आसपास. आमचा एमसीबी १० अँपियरचा, टीव्ही धरून पण तेवढं होत नव्हतं, मग तो कशाला पडेल. तो करंट मोजतो, पिन सैल आहे का आणि तापली का ते त्याला कळत नाही. बारीक पिन, ढिला कन्व्हर्टर, तासभर सलग लोड, मग ते तिथंच भाजत बसतं. त्यामुळं "एमसीबी आहे की, काय होत नाही" असं कोण म्हणालं तर त्याला माझा पत्ता द्या.

नंतर ज्यांच्याकडनं घेतलं त्यांच्या सर्व्हिस सेंटरचं प्रकरण. नाव घेत नाही, उगाच भानगड नको. पहिल्यांदा फोटो पाठवा, मग बिल पाठवा, मग तेच फोटो दुसऱ्या नंबरावर पाठवा, तीन आठवडे नुसते तक्रार क्रमांक, आणि शेवटी काय तर फिटिंग आमच्या माणसानं केलेलं नाही म्हणून वॉरंटी नाही. अहो तो पोरगा तुमच्याच गाडीतनं आला होता! पण त्याच्याकडनं लिहून काय घेतलंय आपण? फिटिंगचा कागद सही-शिक्क्यासकट घ्या ताई, चहा नंतर पाजा.

आता तुमचं काय ते सांगतो. मी इलेक्ट्रिशियन नाही, तुमच्या वायरमनला विचारूनच करा. पॅनल ठोकायच्या आधी डीबीपासून (एमसीबी असतात ती पेटी) स्वतंत्र लाइन ओढून घ्या, तांब्याची अडीच चौरस मिमीची वायर कमीत कमी, डीबी लांब असेल तर चारची, शेवटी १६ अँपियरचा पॉइंट आणि स्विच बाहेर हाताशी. प्लगपाशी उघडणारं दार ठेवा, सुतार कुरकुर करेल, करू दे. पॅनलला भोक पण फायरप्लेस घरात आल्यावरच पाडायला सांगा, ५० इंच हे काचेचं माप असतं का फ्रेमचं हे कागदावर कळत नाही.

वॅटचं म्हणाल तर १५०० असो का २०००, जेवढी वीज खातं तेवढीच उष्णता देतं, फायरप्लेस महाग म्हणून जास्त ऊब मिळत नाही. ठोकळ हिशेब चौरस फुटाला १० वॅट, म्हणजे २००० वॅटला २०० चौरस फुटांची बंद खोली. तुमचा हॉल किचनला उघडा असेल तर सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत काही पोचत नाही, खरं बोलतो. फुलवर तासाला २ युनिट, रोज तीन तास म्हटलं तर महिन्याला १८०, थर्मोस्टॅटमुळं थोडं कमी, पण १०० युनिटांच्या पुढचा स्लॅब महाग असतो ते लक्षात ठेवा.

गरम हवा कुठनं निघते तेपण बघा. वरच्या कडेनं निघत असेल तर थेट टीव्हीच्या तळाला लागते, खालनं किंवा समोरनं निघणारं घ्या. आणि हीटर बंद ठेवून नुसती ज्वाला चालते का ते दुकानात लावून बघा, कारण सोलापुरात दहा-अकरा महिने तेवढंच वापरणार आहात. मेहुणा अमेरिकेतनं आणतो म्हणाला तर नको म्हणा, तिकडं १२० व्होल्ट. पाण्याच्या वाफेची ज्वाला असते तीपण नको, बोअरच्या पाण्यानं आत पांढरा थर धरतो आणि डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणत बसावं लागतं.

हीटर ऑक्सिजन खातो म्हणून कोण घाबरवेल, ते खोटं आहे, त्यात काही जळतच नाही. हवा कोरडी लागते एवढंच. पण तुम्ही लिहिलंय की सासूबाई कोळशाची शेगडी मागतात, ती बंद खोलीत अजिबात ठेवू नका, धूर दिसला नाही तरी त्यातनं निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूनं जीव जातो.

आमचं फायरप्लेस अजून आहे, नवीन लाइनवर चालतं. आईच्या खोलीत मात्र तेलाचा हीटर (विजेवरचाच, आत तेल भरलेला) ठेवलाय, आवाज नाही, फडफडणारी हवा नाही, आणि वर आपली चादर. माझा सल्ला विचाराल तर हॉलला शोभा म्हणून फायरप्लेस घ्या आणि सासूबाईंना वेगळा हीटर, पण हे ज्याच्या त्याच्या बजेटवर आहे.

हां, एक राहिलं. तुमच्या जवळपास लूम (यंत्रमाग) असतील तर सुताची बारीक तूस फायरप्लेसच्या जाळीत अडकते, मग ते आतनं तापून आपोआप बंद पडतं आणि आपण बिघडलं म्हणून फोन लावत बसतो. दिवाळीच्या साफसफाईत प्लग काढून जाळीला ब्लोअर मारा. आणि टीव्हीमागच्या पॉइंटचा फोटो टाका इथं, वायरमनला दाखवून सांगतो.