दारू सोडायचा ऑनलाइन कोर्स लोक मध्येच का सोडतात?

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाला ऑनलाइन व्यसनमुक्तीच्या कोर्सला घातलं, पैसे भरले आणि तिसऱ्या आठवड्यात त्याने लॉगिन करणंच बंद केलं, म्हणजे त्याला सोडायचीच नाहीये का. मी पण असाच एक कोर्स अर्धवट टाकलेला माणूस आहे, त्यामुळे सांगतो, सोडायची होती हो मला, फार होती.

आमच्या ॲपमध्ये रोज रात्री किती पेग झाले ते भरायचं होतं. बारा दिवस शून्य, एकदम खूश. तेराव्या दिवशी मेव्हण्याची हळद, आणि आमच्याकडची हळद म्हणजे तुम्हाला माहितीच असेल, एक क्वार्टर झाली. आता खोटं शून्य टाकवेना आणि खरं लिहायची लाज, म्हटलं उद्या भरू, उद्याचं परवा झालं, मग नोटिफिकेशन दिसलं की पोटात गोळा यायला लागला, शेवटी ॲपच उडवलं आणि त्याच रात्री बसलो परत.

ॲलन मार्लॅट म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी हेच मांडलंय की एका पेगपेक्षा त्यानंतरचं 'गेलंच आता सगळं' हे जास्त बुडवतं. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट, त्यांच्या मीटिंगमध्ये मध्येच एखादा पेग झालेल्यालाही खुर्ची असते, चहा असतो, दोन दिवस दिसला नाही तर कुणीतरी फोन करतं. ॲपवरून गायब व्हायला एक बोट पुरतं.

त्यात आमचं वन रूम किचन. कौन्सेलर व्हिडिओवर विचारणार बाटली कुठे लपवता, आणि बाजूला आई भाजी निवडतेय, काय बोलणार? नेट नाही म्हणून कट करायचो. (काही जण बरं वाटायला लागलं म्हणूनही कोर्स सोडतात, सगळेच काही पीत नसतात.)

एक मात्र बघा, रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिल्या 2-3 दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, कुणाला फिट येते, भास होतात. तसं काही असेल तर कोर्सबिर्स नंतर, आधी डॉक्टर, उशीर नको.

नसेल तर त्याला 'का सोडलंस' विचारू नका, शेवटचा आकडा कुठल्या दिवशी भरला होतास तेवढं विचारा, बहुतेक वेळा त्याच्या दुसऱ्याच दिवशी काहीतरी झालेलं असतं. आणि तुमच्याशी बोलायला तयार नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर देऊन ठेवा, फुकट आहे, मराठीत बोलतात.