बहीण जेवत नाही, घरचे म्हणतात नाटकं करते. समुपदेशकाकडे न्यावं का?

न्या. आणि तिला एकटीला पाठवू नका, आईवडील दोघंही सोबत जाऊ द्या. तुमची बहीण सतरा वर्षांची, लातूरला क्लाससाठी मेसवर राहते, वजन उतरत चाललंय, आणि आजी म्हणती आईनंच लाडावून ठेवलं. ते आजीचं वाक्य वाचलं म्हणूनच लिहायला बसले, आमच्या घरी हेच झालंय.

माझी धाकटी बारावीला होती. वेळ अमावस्येला, आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, सगळी भावकी शेतात जमलेली, कोपीपुढं पंगत बसली, आणि हिनं चतकोर भाकरीचे तुकडे करून भज्जीत नुसते फिरवले, आंबील गुपचूप तुरीच्या बुडाला ओतली. उन्हात बसून पण अंगात स्वेटर, केस गळायलेले, पाळी कधीची बंद. आणि बाया विचारायल्या, किती छान बारीक झालीस गं, काय करायलीस? त्याच्या आधी गुरुवार, चतुर्थ्या, नवरात्र असे उपास वाढत गेले तर घरात कौतुकच चाललं होतं. पाळीसाठी एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काय खातेस हे विचारलंच नाही. त्याच पंगतीत आमच्या चुलत्यांनी सगळ्यांसमोर आईला सुनावलं, पोरीला दोन घास खाऊ घालता येईनात तुला, लग्न लावून द्या, सासू बरोबर जेवायला लावती. आई ताटावरून उठली आणि पुढं कितीतरी दिवस कुणाच्या कार्यक्रमाला गेली नाही.

समुपदेशक मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं की कुणामुळं झालं हे शोधत बसायचं नाही, आईवडील हेच इथं औषध आहेत. खाण्याच्या आजारावरची ही आईवडिलांना धरून चालणारी पद्धत लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलात १९८० च्या दशकात उभी राहिली, कमी वयाच्या, आजार फार जुना न झालेल्या पोरापोरींसाठी. सुरुवातीला ताटात काय आणि किती हे पोरीनं नाही, आईवडिलांनी ठरवायचं, तब्येत सुधारली की हळूहळू परत तिच्या हातात द्यायचं. आई वाढायची, रात्रीच्या जेवणाला बाबा शेजारी बसायचे, एका पोळीवर तासभर गेला तरी उठायचे नाहीत. ती ओरडायची, ताट सरकवायची, आणि आई एवढंच म्हणायची, हे तू नाही, तुझं दुखणं बोलायलंय, खा. वजनावर, दिसण्यावर घरात कुणी बोलायचं नाही हा नियम झाला, चुलत्यांना पण. त्यांना अजून वाटतं की धाक दाखवला असता तर लवकर निपटलं असतं. धाकानं हिचं वजन किलोभर पण वाढलं नव्हतं, आई शेजारी बसायला लागली तेव्हा वाढलं.

म्हणून आजीला पटवत बसू नका, आईच्या बाजूनं उभे रहा. आणि मेसवर ठेवून हे होत नाही, बहिणीला घरी आणा नाहीतर आईनं तिथं खोली करून राहावं. मेडिकलच्या नीट परीक्षेचं एक वर्ष गेलं तर जाऊ द्या.

हां, समुपदेशनाच्या आधी फिजिशियनकडं न्या. नाडी, बीपी, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस बघायला सांगा. चक्कर येऊन पडत असेल, नाडी फार मंद असेल तर आधी ॲडमिट, बाकी सगळं नंतर. फार दिवसाच्या उपाशी माणसाला एकदम पोटभर खाऊ घालणं पण धोक्याचं असतं, फॉस्फरस झपकन उतरतो, कसं वाढवायचं ते डॉक्टरला विचारूनच करा. जेवल्या जेवल्या बाथरूमला जाते का, ते पण बघा, उलट्या काढत असेल तर पोटॅशियम उतरून हृदयावर येतं, वजन बरं दिसत असलं तरी. मनोविकार विभाग अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात पण आहे. आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, घरच्यांनी केला तरी चालतो. तुमच्या आईला द्या.