हॉस्पिटलमध्ये मदत करायचीये, पण आई नको म्हणते

प्रश्न: ताई, मी १६ वर्षांची आहे. सुट्टीत हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर म्हणून जायचंय, पण आईला इन्फेक्शनची भीती वाटते. काय करू?

उत्तर: आईची काळजी रास्त आहे गं, म्हणून तिला नुसतं पटवत बसू नकोस, सोबतच घेऊन जा आणि काम काय, कुठल्या वॉर्डात, हे दोघींनी विचारा. बहुतेक ठिकाणी १८ खालच्यांना पालकांची सही लागतेच, आणि इंजेक्शन-ड्रेसिंग असलं काही तुमच्याकडे देत नाहीत. वाट दाखवणं, व्हीलचेअर ढकलणं, आजी-आजोबांशी गप्पा, हेच काम, आणि ते छोटं मुळीच नाही. लसी पूर्ण झाल्यात ना ते बघ, हात साबणाने ४० ते ६० सेकंद धुवायचे, सर्दी-ताप असेल तर सरळ घरी थांबायचं.

आता एक नीट लक्षात ठेव. पेशंटने कितीही कळवळून पाणी मागितलं तरी नर्सला विचारल्याशिवाय घोटभरही देऊ नकोस, कारण ऑपरेशनआधी पोट रिकामं ठेवतात, नाहीतर भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. आणि तिथे कोणाला काय झालंय ते मैत्रिणींनाही सांगायचं नाही, फोटो तर अजिबातच नाही.